संगणकाचा नाद : आतला आणि बाहेरचा

संगणकावर गाणे ऐकण्यात आता नवलाई उरलेली नाही. ज्या घरांतून एके काळी ग्रामोफोन वाजला, पुढे रेडिओ आणि त्यानंतर कॅसेटचे यंत्र आले, त्याच घरांतून आज तबकडी नाही आणि फीतही नाही. आहे तो संगणक आणि कानाला लावावयाचा हेडफोन. ऐकण्याच्या या नव्या रीतीबरोबर एक नवा वादही आला आहे. एक पक्ष म्हणतो की, संगणकाच्या अंगचा आवाज रसिकाच्या कानाला योग्यच नव्हे. ज्याला गाण्याची चाड आहे त्याने बाहेरचा परिवर्तक आणि हेडफोनसाठी स्वतंत्र अँप्लिफायर घेतलाच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की, हा सारा पेट्या खपविण्याचा उद्योग असून भोळ्या श्रोत्याच्या खिशावर त्याची नजर आहे. आमच्या मते या दोन्ही पक्षांनी उत्तर आधी ठरविले आहे आणि प्रश्न मागाहून विचारला आहे. वाद पैशाचा असता तर आम्ही त्यात पडलोही नसतो. परंतु आपल्याच कानावर विश्वास ठेवावा की नाही, अशा संभ्रमात आज कित्येक चांगले श्रोते पडलेले दिसतात, आणि ही गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते.

प्रथम या यंत्राचे काम काय ते पाहू. संगणकात साठविलेले गाणे म्हणजे आकड्यांची एक प्रचंड रांग होय. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर नादाची दर सेकंदास ४४,१०० मापे घेतलेली असतात आणि प्रत्येक माप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीचे असते. एवढ्या सामग्रीवर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे तरुण आणि निरोगी मानवी कानाच्या मर्यादेपर्यंतचा नाद पुन्हा उभा करता येतो, आणि अतिसूक्ष्म व अतिप्रबल नादांतील अंतर सुमारे ९६ डेसिबल राखता येते. या आकड्यांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करणारा जो परिवर्तक, त्यास व्यवहारात डॅक म्हणतात. त्यातून निघालेल्या दुर्बळ संकेतास हेडफोनचा पडदा हलविण्याइतके बळ देणारा तो अँप्लिफायर. संगणकात ही दोन्ही कामे मदरबोर्डावरील नखाएवढ्या चिपमध्ये आणि तिच्या आसपासच्या मंडलात उरकली जातात. बाहेरच्या पेटीत त्यांना स्वतंत्र घर मिळते. दोहोंतील मूळ भेद एवढाच आहे. स्वतंत्र घर मिळाले म्हणून रहिवासी गुणी होतो असे नाही. तथापि शेजार वाईट असेल तर घर बदलण्यात शहाणपण असते, हेही खरे.

संगणकाच्या आवाजाला जी अपकीर्ती चिकटली आहे ती अगदीच निराधार नव्हती. १९८० च्या दशकातील कित्येक घरगुती संगणक ‘टीं’ एवढेच बोलत. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड आणले आणि संगणकाला वाचा फुटली. परंतु त्या वाचेत खरखर पुष्कळ होती. १९९७ साली इंटेलने ‘एसी नाइंटी-सेव्हन’ ही पद्धती आखून दिल्यावर मदरबोर्डावरच आवाजाची सोय होऊ लागली. ती सोय स्वस्त होती आणि स्वस्ताईचे दोषही तिच्यात होते. पुढे २००४ साली इंटेलचीच ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ही पद्धती आली. तिच्यात सेकंदास १,९२,००० मापांपर्यंत आणि ३२ बिटांपर्यंत मजल गेली. तेव्हापासून अंगचा आवाज पुष्कळ सुधारला, परंतु कीर्ती मात्र जुनीच राहिली. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तसे काहीसे येथे झाले आहे. यास्तव १९९७ चा अनुभव आजच्या यंत्रावर लादू नये. आजच्या यंत्राची परीक्षा आजच करावी.

ती करताना तीन दोष तपासावे लागतात. पहिला दोष शेजाराचा. संगणकाच्या पेटीत चित्रे उमटविणारे कार्ड, वीज तोडून-जोडून देणारा पुरवठा आणि क्षणोक्षणी धावणाऱ्या असंख्य लहरी यांच्या गजबजाटात त्या चिपला काम करावे लागते. मांडणी निष्काळजी असेल तर माउस हलविताच कानात सुरसुर होते, चार्जर लावताच गुणगुण सुरू होते, आणि पडद्यावर चित्र धावू लागले की तिची पट्टी बदलते. चिपच्या माहितीपत्रातील आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. रिअलटेक कंपनीच्या ‘एएलसी १२२०’ या चिपच्या नावापुढे १२० डेसिबल असा आकडा लिहिला जातो. पण तो एकट्या चिपचा गुण झाला. ती ज्या फळीवर बसविली त्या फळीची मांडणी कशी, यावर कानापर्यंत काय येते ते ठरते. हा दोष ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. गाणे थांबवावे, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवावा, हेडफोन कानाला लावून शांत खोलीत बसावे आणि माउस हलवून पाहावा. काही ऐकू आले तर बाहेरचा डॅक घेण्यास ते सबळ कारण आहे. काही ऐकू आले नाही, तर या एका बाबतीत तरी तुमचा संगणक निर्दोष आहे.

दुसरा दोष सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक अँप्लिफायरच्या तोंडाशी काही विद्युत्‌-अवरोध असतो आणि प्रत्येक हेडफोनलाही स्वतःचा अवरोध असतो. तो ओहम या एककात मोजतात. हेडफोनचा अवरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा, एका हेडफोनचा अवरोध बहुतेक पट्टीत ३२ ओहम आहे आणि खर्जात तो ६० ओहमपर्यंत चढतो. हा हेडफोन १ ओहम अवरोधाच्या अँप्लिफायरला जोडला तर खर्ज आणि इतर स्वर यांत जेमतेम ०.१ डेसिबलचा फरक पडेल, आणि तो कोणाच्याही ध्यानात येणार नाही. परंतु तोच ७५ ओहम अवरोधाच्या तोंडाला जोडला तर खर्ज जवळजवळ साडेतीन डेसिबलने वर येईल. तबल्याचा डग्गा फुगेल, तंबोऱ्याचा खर्ज दाटेल, आणि श्रोता म्हणेल, ‘वा, आवाजाला काय ऊब आहे!’ ही ऊब कलेची नव्हे. ती भागाकाराची आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे : अँप्लिफायरचा अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनास ४ ओहमपर्यंतचे तोंड चालेल. मदरबोर्डावरील कित्येक तोंडांचा अवरोध याहून पुष्कळ अधिक असतो, आणि तो सहसा कोठे छापलेला नसतो. येथे बाहेरच्या अँप्लिफायरची बाजू न्याय्य ठरते.

तिसरा प्रश्न बळाचा. सेनहायझर कंपनीचा ‘एचडी ६००’ हा १९९७ सालापासून नावाजलेला हेडफोन घ्या. त्याचा अवरोध ३०० ओहम, आणि १ व्होल्ट दाबाला तो ९७ डेसिबल नाद देतो. संगणकाच्या तोंडी १ व्होल्ट मिळाला तर त्या हेडफोनवर गाण्यातील सर्वांत प्रबल क्षण ९७ डेसिबलचा होईल. आणि ज्या मुद्रणात सरासरी पातळी शिखराच्या २० डेसिबल खाली आहे तेथे सरासरी ७७ डेसिबल मिळेल. विलंबित ख्यालाच्या आरंभी कोणास ते थोडे कमी वाटेल, परंतु त्याला ऐकू येत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आता दुसरे टोक पाहा. हायफायमॅनचा ‘एचई-६’ हा हेडफोन ५० ओहमचा असून एक मिलिवॉटला ८३.५ डेसिबल एवढाच नाद देतो. त्याच्याकडून ११० डेसिबलचे शिखर हवे असेल तर सुमारे ४५० मिलिवॉट आणि पावणेपाच व्होल्ट लागतील. संगणकाच्या तोंडून ते येणे नाही. याउलट कानात बसवावयाचे जे अतिसंवेदनशील हेडफोन असतात, त्यांना बलिष्ठ अँप्लिफायर लावला तर त्या अँप्लिफायरचीच सुरसुर कानी येते. म्हणजे एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला अपथ्य. बळ किती हवे याचे उत्तर हेडफोनाला विचारावे. पेटीच्या किमतीत ते लिहिलेले नसते.

आतल्या आवाजाने मनावर घेतले तर तो कोठवर जाऊ शकतो याचेही उदाहरण उपलब्ध आहे. ॲपलने २०२१ साली आणलेल्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये हेडफोनचे तोंड जोडलेल्या हेडफोनचा अवरोध स्वतः ओळखते : १५० ओहमच्या आतील हेडफोनास १.२५ व्होल्टपर्यंत, आणि त्यावरील हेडफोनास ३ व्होल्टपर्यंत दाब देते. उलट बाजूस, त्याच कंपनीने २०१८ साली अमेरिकेत ९ डॉलरला विकावयास काढलेली, बोटाएवढ्या तारेची यूएसबी-सी जोडणी पाहा. ती जोडणी म्हणजे वस्तुतः एक बाहेरचा डॅक आणि अँप्लिफायरच होय. तिचा अवरोध १ ओहमच्या आसपास असून साध्या हेडफोनांसाठी तिचे काम चोख असल्याचे अनेक स्वतंत्र मापनांत दिसून आले आहे. तेव्हा ‘आतला की बाहेरचा’ हा प्रश्नच फसवा आहे. आतला उत्तम असू शकतो, आणि बाहेरचा उत्तम होण्यास महाग असावा लागत नाही.

मग हजारो रुपयांच्या पेट्यांवर ३२ बिट आणि सेकंदास ७,६८,००० मापे असे जे आकडे झळकतात त्यांचे काय? या बाबतीत दोन गोष्टी नोंदवितो. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ध्वनि-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या मुद्रणाचा नाद एकदा सरळ आणि एकदा कॉम्पॅक्ट डिस्कच्या १६ बिट व ४४,१०० मापांच्या साच्यातून काढून श्रोत्यांना ऐकविला, आणि कोणता कोणता ते सांगावयास लावले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही साधारण तेवढेच आले असते. या प्रयोगातील सर्व मुद्रणे खरोखर उच्च प्रतीची होती काय, असा आक्षेप पुढे घेण्यात आला, आणि तो दुर्लक्षणीय नव्हे. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. १२,५०० हून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि शिकविलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक अगदी शून्य असे म्हणता येत नाही. परंतु जो फरक एवढ्या कष्टाने निम्म्याच्या किंचित वर येतो, त्याला ‘पडदा दूर झाला’, ‘गायक समोर येऊन बसला’ अशी भाषा शोभत नाही.

या भाषेविषयीच आमची खरी तक्रार आहे. आपल्या संगीतात ‘जवारी’ म्हटले की तंबोऱ्याच्या घोडीवरील दोऱ्याकडे बोट दाखविता येते. ‘सूर उतरला’ म्हटले की किती उतरला ते दुसरा जाणकार गाऊन दाखवू शकतो. शब्दामागे वस्तू आहे, म्हणून त्या शब्दांवर वाद घालता येतो आणि वाद मिटविताही येतो. यंत्रांच्या परीक्षणांत मात्र मखमली, पारदर्शक, मोकळा, श्वास घेणारा अशी विशेषणे उधळली जातात, आणि त्यांच्यामागे काय आहे हे विचारणाऱ्याला ‘तुझा कान तयार नाही’ असे सांगितले जाते. वर पाहिलेली ‘ऊब’ साडेतीन डेसिबलची निघाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याहून साधे कारण म्हणजे आवाजाची पातळी. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठे वाजत असले तरी ते मोठे न वाटता सरस वाटते. नवी पेटी जुन्या तोंडापेक्षा बहुधा मोठी वाजते, आणि मग परीक्षणकार तिच्या गुणांची यादी लिहावयास बसतो.

या भाषेविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला त्यांत एक टोपणनावाचा अभियंता विशेष उल्लेखनीय आहे. ‘एनडब्ल्यू-एव्ही-गाय’ या नावाने तो लिहीत असे. मापन आधी आणि विशेषण मागाहून, हा त्याचा आग्रह. केवळ टीका करून तो थांबला नाही. २०११ साली त्याने ‘ओ टू’ नावाच्या हेडफोन-अँप्लिफायरचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि २०१२ साली त्याच्या जोडीचा ‘ओडॅक’ आला. साधे, परिचित सुटे भाग वापरून, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारे हे यंत्र कित्येक पट किमतीच्या यंत्रांच्या पंगतीस बसले. त्याच वर्षी त्याचे लेखन अकस्मात थांबले. त्याची भाषा पुष्कळदा कठोर असे, आणि यंत्र हाताळण्यातील आनंद, मोठ्या बटणाची सोय, देखणेपणा यांना तो फारसे मोल देत नसे. आम्ही या गोष्टी तुच्छ मानीत नाही. ज्यास सुंदर वस्तू घरात असावीशी वाटते त्याने ती अवश्य घ्यावी. मात्र ती सुंदर आहे म्हणून घेतली असे म्हणावे, तिच्यामुळे राग उलगडला असे म्हणू नये.

ज्यास स्वतःची परीक्षा घ्यावयाची आहे त्यास मार्ग कठीण नाही. एकच हेडफोन घ्यावा. सेकंदास ५० किंवा ६० कंपनांचा एक स्थिर स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला असतानाच, दोन्ही यंत्रांच्या तोंडचा व्होल्ट साध्या मीटरने मोजावा आणि तो एक टक्क्याच्या आत जुळवावा. मग मित्राला यंत्रे बदलावयास सांगून, कोणते चालू आहे ते न पाहता सोळा वेळा ओळखून पाहावे. केवळ दैवयोगाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांहूनही कमी आहे. बारा आली तर फरक आहे असे समजून पेटी घ्यावी. आठ-नऊ आली तर पैसे वाचले. या परीक्षेत कानाचा अपमान नाही. डोळ्याने पाहिलेली किंमत आणि नाव बाजूला ठेवून कानाला एकट्यानेच साक्ष द्यावयास सांगणे, हा त्याचा सन्मानच होय.

आता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या संग्रहात जे असते त्याकडे येऊ. गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा आवाज आपणांस पुष्कळ अंशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतूनच मिळालेला आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली ‘जात कहां हो’ ही त्यांची भैरवीही तीन-साडेतीन मिनिटांचीच आहे. या लाखेच्या तबकड्यांवर सूक्ष्म व प्रबल नादांतील अंतर चाळीस डेसिबलच्या आसपास असते. त्याखाली सुईची खरखर. सामान्य मदरबोर्डाची शांतता याहून कित्येक पट खोल असते. अशा मुद्रणासाठी १२० डेसिबलचा डॅक घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणखी एक हिशेब पाहा. मिनिटास ८० फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवून संगणकात भरली, तर सप्तकाच्या बारा समान भागांपैकी एका भागाच्या निम्म्याला थोडा कमी इतका सूर उतरतो. हे अंतर आपल्या कानाने सहज ओळखावे असे आहे. गायिकेची पट्टीच बदलते. याउलट डॅकच्या घड्याळात दहा लाखांत पन्नास भागांची चूक धरली तरी सूर त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकाच ढळतो. पहिली चूक सुधारण्यास तबकडीचे ज्ञान, योग्य सुई आणि योग्य वेग लागतो. दुसरी कोणास ऐकूच येत नाही. तरीही पहिलीकडे दुर्लक्ष होते आणि दुसरीसाठी पैसे मोजले जातात.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. खर्चाचा पहिला अधिकार मुद्रणाचा : उत्तम तबकडीवरून, योग्य वेगाने, जाणत्या हाताने केलेली प्रत मिळवावी. दुसरा हेडफोनचा, कारण दोन हेडफोनांच्या नादात जो भेद असतो तो दोन बऱ्या डॅकांच्या भेदाहून फार मोठा असतो. तिसरा अँप्लिफायरचा, तोही हेडफोनला बळ कमी पडत असेल किंवा तोंडाचा अवरोध आड येत असेल तर. डॅकचा क्रम शेवटी, आणि संगणकाच्या आत सुरसुर ऐकू येत असेल तरच. त्यावेळीही साध्या किमतीची जोडणी बहुधा पुरेशी होते. पेटी यूएसबीवरूनच वीज घेत असेल तर संगणकाची गुणगुण तिच्यातही शिरू शकते, म्हणून परत करण्याची सोय असलेल्या दुकानातूनच ती घ्यावी. आणि बलिष्ठ अँप्लिफायर घरी आला तर एक मर्यादा पाळावी : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली प्रौढ माणसासाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबल ही श्रवणाची सुरक्षित सीमा सांगितली आहे. पेटी बिघडली तर दुसरी मिळते. कानाच्या आतील पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि मग आतला नाद कोणता व बाहेरचा कोणता, हा प्रश्नच उरत नाही.